‘किरकिर’ : शब्दाचा अर्थ आणि चिकित्सेतील उपयोग

‘मूल फार किरकिर करते, काहीतरी द्या.’ बालरुग्णाविषयीच्या तक्रारींत या वाक्याइतके वारंवार कानी पडणारे दुसरे वाक्य नसावे. वैद्याच्या दवाखान्यात ते ऐकू येते, त्याहून अधिक वेळा ते औषधविक्रेत्याच्या दुकानात ऐकू येते. वाक्याचा उत्तरार्ध घाईचा असल्याने आपले लक्ष ‘काय द्यावे’ इकडे जाते आणि पूर्वार्धातील शब्द तसाच राहून जातो. वास्तविक रोगनिदानाची पहिली सामग्री त्या शब्दातच असते. प्रस्तुत लेखात ‘किरकिर’ या शब्दाचा व्यवहारातील अर्थ, शास्त्रातील त्याचे स्थान आणि चिकित्सेत त्याचा करावयाचा उपयोग यांचा विचार करण्याचे योजिले आहे.

सदाशिव पेठेतील आमच्या दवाखान्यात येणारी कुटुंबे गेल्या वीस वर्षांत पुष्कळ बदलली. वाड्यांच्या जागी इमारती आल्या. तान्ह्या मुलाचे करणारी अनुभवी आजी आता प्रत्येक घरात असतेच असे नाही. पूर्वी किरकिर करणारे मूल प्रथम आजीच्या मांडीवर जाई. ती पोट चाचपून पाही, कानामागे हात फिरवी, टाळू पाही आणि मगच सहाण पुढे ओढी. आज आजीच्या त्या जागी बहुधा औषधाच्या दुकानाचा काउंटर आहे. म्हणून हा विषय वैद्यांइतकाच औषधविक्रेत्या बंधुभगिनींचाही आहे.

शब्दार्थ

किरकिर हा अनुकरणवाचक शब्द आहे. रातकिड्यांच्या आवाजालाही आपण किरकिर म्हणतो. आवाज बारीक, तो सतत चालू आणि तो नेमका कोठून येतो हे चटकन न कळणारा, अशी तीन वैशिष्ट्ये त्यात दिसतात. मुलाच्या किरकिरीतही हीच तीन वैशिष्ट्ये आढळतात. मूल मोठ्याने रडत नाही, पण थांबतही नाही. घेतले तरी नको, ठेवले तरी नको. आणि कारण विचारावे तर मुलाला सांगता येत नाही, आईला समजत नाही.

मराठीत या शब्दाला अनेक शेजारी आहेत. आपल्या लोकांनी प्रत्येकाला वेगळे काम दिले आहे आणि रुग्णवृत्त घेताना हा भेद अतिशय उपयोगी पडतो.

पिरपिर ही किरकिरीपेक्षा क्षीण असते. आजारातून नुकतेच उठलेले किंवा पडशाने नाक चोंदलेले मूल पिरपिर करते. चिडचिडीत राग असतो. मूल वस्तू फेकते, चावते, केस ओढते. भुणभुणीत मागणी असते आणि ती बोलू लागलेल्या मुलाची असते. कुरकुरीत नाखुषी असते. सांगितलेले काम नको असले की थोडे मोठे मूल कुरकुर करते. आकांत हा तीव्र वेदनेचा किंवा भीतीचा असतो. हट्टाला विषय असतो आणि रुसून, फुरंगटून बसणाऱ्या मुलाला ते पाहणारे कोणीतरी लागते. किरकिरीला मात्र विषयही नसतो आणि प्रेक्षकही लागत नाही. अंधाऱ्या खोलीत, कोणी पाहत नसतानाही ती चालू राहते. म्हणूनच तिच्यामागे शरीरातील काही कारण असण्याची शक्यता वैद्याने सर्वप्रथम विचारात घ्यावी.

‘करते’ आणि ‘आहे’

या शब्दाच्या वापरातील एक बारकावा आम्हांस सर्वाधिक महत्त्वाचा वाटतो. एक आई म्हणते, ‘परवापासून किरकिर करतो आहे.’ दुसरी म्हणते, ‘किरकिराच आहे तो.’ पहिल्या वाक्यात किरकिर ही क्रिया आहे. तिला आरंभ आहे, काळ आहे, म्हणजे कारणही असले पाहिजे. दुसऱ्या वाक्यात ती स्वभाव झाली. स्वभाव म्हटला की कारण शोधण्याचे काम संपते. शास्त्राच्या भाषेत, पहिल्या वाक्यातील किरकिर हे लक्षण आहे, तर दुसऱ्या वाक्यात तिला प्रकृतीचे स्थान दिले गेले आहे.

प्रौढांच्या बाबतीत आपण ‘किरकिऱ्या स्वभावाचा माणूस’ असे सहज म्हणतो आणि त्यात दोष देण्याचा भाव असतो. तोच भाव नकळत मुलाकडे सरकतो. घरातील सर्वजण थकलेले असतात, आईची झोप झालेली नसते, शेजारच्यांनी एकदोनदा विचारलेले असते. अशा वेळी ‘करतो’चे ‘आहे’ होण्यास फार वेळ लागत नाही. वैद्याचे पहिले कर्तव्य म्हणजे ‘आहे’चे पुन्हा ‘करतो’ करणे. त्यासाठी एकच प्रश्न पुरतो : ‘हे कधीपासून?’ आई थोडा विचार करते आणि बहुतेक वेळा काहीतरी निश्चित सांगते.

शास्त्रातील स्थान

संहितांत किरकिरीला तंतोतंत एकच प्रतिशब्द शोधणे योग्य नाही. ‘अरति’ हा शब्द तिच्या सर्वांत जवळचा आहे. कशातही मन न रमणे, कोणत्याही स्थितीत स्वस्थता न वाटणे म्हणजे अरति. तिला वारंवार रडण्याची आणि झोप न लागण्याची जोड मिळाली की आपली मराठी किरकिर तयार होते.

बोलता न येणाऱ्या मुलाची वेदना कशी ओळखावी, याचा विचार आपल्या आचार्यांनी बारकाईने केला आहे. मुलाला जेथे दुखते तेथे ते वारंवार हात नेते आणि इतरांनी तेथे स्पर्श केला असता रडते, असे सुश्रुतांनी शारीरस्थानात सांगितले आहे. रडण्याच्या तीव्रतेवरून आणि सातत्यावरून वेदनेचे अनुमान करावे, असा वाग्भटांचा निर्देश आहे. परंतु या विषयाला स्वतंत्र अध्याय वाहिला तो काश्यपसंहितेने. नेपाळचे राजगुरू पंडित हेमराज शर्मा यांच्या प्रयत्नाने उपलब्ध झालेली ही खंडित संहिता १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून प्रसिद्ध झाली. तिच्या सूत्रस्थानातील वेदनाध्याय बालरोग पाहणाऱ्या प्रत्येक वैद्याने वर्षातून एकदा तरी पुन्हा वाचावा, असे आम्ही आग्रहाने म्हणू.

या अध्यायात शिरःशूल असलेले मूल डोके हलवते, डोळे मिटते, रात्री कण्हते. कर्णशूल असलेले मूल हातांनी कानांना स्पर्श करते, डोके घुसळते. मुखरोगात लाळ फार गळते, स्तनपान नकोसे होते, प्यालेले दूध बाहेर येते. उदरशूलात मूल स्तन सोडून रडते, उताणे होते, पोट ताठ होते आणि तोंडावर घाम येतो. मूत्रकृच्छ्रात अंगावर रोमांच येतात, मूल ओठ चावते आणि बस्तिप्रदेशी हात नेते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. अरति आणि निद्रानाश ही लक्षणे शिरःशूलातही सांगितली आहेत आणि कर्णशूलातही. म्हणजे किरकिर हे सामान्य लक्षण झाले. रोग ओळखला जातो तो विशेष लक्षणाने, अर्थात हात कोठे जातो, पाय कसे घेते, स्तन घेते की सोडते यांवरून. आई शब्द देते तो सामान्य लक्षणाचा. विशेष लक्षण आपण पाहून किंवा विचारून मिळवायचे असते.

आमच्या हातून झालेली चूक

हे आम्ही पुस्तकातून शिकलो असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी आठ महिन्यांचा एक मुलगा दवाखान्यात आला. तीन रात्री किरकिर, लाळ पुष्कळ, खालच्या हिरड्या फुगलेल्या. आम्ही दंतोद्भेदाचे निदान केले, त्याप्रमाणे औषध दिले आणि काळजीचे कारण नाही असे सांगितले. चौथ्या दिवशी त्याच्या डाव्या कानातून पू वाहू लागला. बालरोगतज्ज्ञांच्या उपचारांनी कान बरा झाला आणि पुढे तपासणीत श्रवणशक्तीही उत्तम आढळली. पण त्या दिवशी आम्ही जुना केसपेपर काढून पाहिला, तेव्हा पहिल्याच भेटीतील आईचे वाक्य आमच्याच अक्षरात लिहिलेले दिसले : ‘झोपताना डोके उशीवर डावीकडे घासतो.’ आईने विशेष लक्षण सांगितले होते. आम्ही ते लिहूनही घेतले होते. ऐकली मात्र होती केवळ किरकिर.

दात येणे हे अनेक विकारांचे निमित्त होते हे वाग्भटांनी सांगितले आहेच. त्याचबरोबर अशा मुलाला अतियंत्रणा करू नये, कारण दात आल्यावर हे त्रास आपोआप शमतात, असेही त्यांनीच सांगितले आहे. या वचनाचा आधार घेऊन सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतची प्रत्येक तक्रार दातांच्या माथी मारणे मात्र योग्य नव्हे. तीव्र ज्वर, वारंवार पातळ शौच किंवा कानाशी जाणारा हात असेल, तर दात दिसत असले तरी दुसरे कारण शोधलेच पाहिजे.

वयानुसार विचार

क्षीरप, क्षीरान्नाद आणि अन्नाद हे सुश्रुतोक्त भेद किरकिरीच्या विचारातही उपयोगी पडतात.

क्षीरप अवस्थेत प्रथम भूक, ओले लंगोट, घट्ट कपडा, उकाडा, अपुरी झोप ही साधी कारणे पाहावीत. त्यानंतर उदरशूल. निरोगी, वजन वाढणारे मूल दिवसाकाठी तीन तासांहून अधिक, आठवड्यातून तीन दिवसांहून अधिक आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ रडत असेल तर त्याला आधुनिक वैद्यकात ‘कोलिक’ म्हणतात. ही व्याख्या वेसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ साली मांडली. हे रडणे सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वाधिक असते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत बहुधा थांबते. आईला हे नुसते समजावून सांगितले तरी तिचा निम्मा ताण उतरतो. पोटावर ओव्याचा सोसेल इतका कोमट शेक, नाभीभोवती हिंगाचा लेप, दूध पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढणे आणि आईच्या आहाराविहाराचा व स्तन्याचा विचार एवढ्यावर पुष्कळ काम होते. पहिले सहा महिने केवळ स्तनपान हे तत्त्व सांभाळून शक्यतो बाह्योपचार आणि मातेची चिकित्सा यांवरच भर द्यावा. एक वर्षाखालील मुलास मध दिल्याने बोट्युलिझम हा दुर्मीळ पण गंभीर विकार होऊ शकतो. म्हणून त्या वयात अनुपान म्हणून मधाऐवजी आम्ही मातेचे दूध किंवा कोमट पाणी वापरतो.

क्षीरान्नाद आणि अन्नाद अवस्थेत किरकिरीबरोबर चिडचिड वाढते आणि येथेच पांडुरोग निसटतो. दोन वर्षांची एक मुलगी ‘जन्मापासून चिडकीच आहे’ अशा शब्दांत आमच्याकडे आणली गेली. तिची जेवणाची रुची नाहीशी झाली होती, दिवसाला पाच-सहा बाटल्या दूध पिणे चालू होते आणि भिंतीचा पोपडा ती चाटत असे. नेत्र व नखे पांढुरकी होती. हिमोग्लोबिन ६.८ निघाले. दूध मर्यादित करून, अन्न वाढवून, कृमिचिकित्सा व लोहाचे उपचार बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने चालू केले. तीन महिन्यांनी आई म्हणाली, ‘आता ती तशी नाही.’ तिच्या वाक्यातील ‘आहे’ गळून पडले होते. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा ते एकोणसाठ महिने वयाच्या भारतीय बालकांपैकी ६७.१ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. हा आकडा लक्षात घेता चिडचिड्या मुलाची पापणी खाली ओढून पाहणे हा नियमच असावा.

झोप म्हणजे उपशम नव्हे

किरकिर थांबवण्याचा सर्वांत सोपा आणि सर्वांत धोक्याचा मार्ग म्हणजे मुलाला झोपवणे. हा मोह जुना आहे. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या गिरणगावात कामावर जाणाऱ्या कित्येक आया तान्ह्या मुलांना अफूची ‘बाळगोळी’ देऊन जात. त्यांना दोष देण्यापूर्वी त्यांची पाळी आणि त्यांची चाळ आठवावी. पण मूल गप्प झाले म्हणजे बरे झाले, हा समज तेव्हा घातक होता आणि आजही आहे.

अहिफेन, भंगा, धत्तूर, पारसीक यवानी ही द्रव्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम १९४५ च्या परिशिष्ट ई (१) मध्ये विषारी द्रव्यांत समाविष्ट आहेत. ती असलेल्या पोटात घ्यावयाच्या औषधांवर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापणे बंधनकारक आहे. अफूवर १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याचेही नियंत्रण आहे. खुरासानी ओवा ‘साधा ओवाच तो’ म्हणून मुलासाठी सुटा देण्याची चूक काष्ठौषधींच्या विक्रेत्यांनी कदापि करू नये.

कायद्याच्या यादीत नसलेली, घरातलीच द्रव्येही मात्रेत दिली पाहिजेत. बाळगुटीतील जायफळ हे त्याचे उत्तम उदाहरण. सहाणेवर एक वळसा जेथे पुरे, तेथे रात्रीची झोप मिळावी म्हणून वळसे वाढत जातात. पाच महिन्यांचे असे एक मूल आमच्याकडे आले, ते दूध ओढत नव्हते आणि हाक मारली तरी डोळे उघडत नव्हते. त्याला तत्काळ रुग्णालयात पाठवले आणि ते सुखरूप घरी आले. घरच्यांनी प्रेमानेच दिले होते; किती दिले हे मात्र कोणी मोजले नव्हते. वेखंडाचेही तसेच. वळशाला वजन नसते, हे गुटी देणाऱ्या प्रत्येकास सांगावे.

हीच गोष्ट सर्दी-खोकल्याच्या गुंगी आणणाऱ्या सिरपची. क्लोरफेनिरामिन व फेनिलेफ्रिन यांचे संयुक्त औषध चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्याचे निर्देश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिले. मुलाला झोप लागावी म्हणून अशी बाटली मागितली गेल्यास ‘आयुर्वेदिक घ्या’ असे सांगून अरविंदासव पुढे करणे हेही उत्तर नव्हे. ते भैषज्यरत्नावलीतील उत्तम औषध आहे. परंतु वय, अग्नी आणि कारण न पाहता दिलेले उत्तम औषधही केवळ काळ दवडते.

औषधविक्रेत्यांसाठी

‘किरकिर’ हा शब्द काउंटरवर ऐकू आला की बाटली काढण्यापूर्वी पाच प्रश्न विचारावेत. त्यास दोन मिनिटेही लागत नाहीत.

१. मुलाचे वय किती? किरकिर कधीपासून आहे?
२. दूध किंवा अन्न नेहमीसारखे घेते का?
३. लघवी व शौच कसे आहे? शेवटची लघवी केव्हा झाली?
४. ताप, उलटी, पुरळ आहे का? मूल पडले होते का?
५. हात वारंवार कोठे नेते? आधी घरात काय दिले आहे?

पुढीलपैकी काहीही आढळल्यास औषध न देता मुलास त्वरित रुग्णालयात पाठवावे : तीन महिन्यांखालील मुलास ताप, हिरवी उलटी, शौचात रक्त, पोट फुगून ताठ होणे, जांघेत गाठ, टाळू फुगलेली किंवा खोल गेलेली, सहा-आठ तास लघवी नसणे, श्वास लागणे, झटका येणे, नेहमीपेक्षा वेगळे, कर्कश रडणे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दोन दिवस किरकिर करणारे मूल एकाएकी गप्प व मलूल होणे. किरकिर करण्याइतकेही बळ त्याच्यात उरलेले नसते. त्या शांततेने आपण निश्चिंत होता कामा नये.

उपसंहार

घरी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली असेल तर आम्ही त्यावर वाद घालत नाही. त्याने आजीच्या मनाला धीर येतो. त्यापायी वेळ जाऊ नये एवढेच सांगतो. मात्र एका गोष्टीला आम्ही स्पष्ट विरोध करतो, ती म्हणजे किरकिर करणाऱ्या मुलाला बागुलबुवाची भीती घालणे. मूल रडत असेल, जेवत नसेल, ऐकत नसेल तरी राक्षस-पिशाचांची नावे घेऊन त्याला भेडसावू नये, असे चरकांनी शारीरस्थानात निःसंदिग्ध सांगितले आहे. भीतीने मूल गप्प होते, त्याची वेदना मात्र तशीच राहते.

आमची वैद्यबंधुभगिनींना विनंती आहे की, केसपेपरवर ‘इरिटेबिलिटी’ असा एकच शब्द लिहून पुढे जाऊ नये. आईचा शब्द, मग तो किरकिर असो, पिरपिर असो वा चिडचिड, जसाच्या तसा लिहावा. त्यापुढे ‘कधीपासून’ लिहावे. आणि त्याखाली मुलाचा हात कोठे जातो ते लिहावे. या तीन नोंदी झाल्या की निदानाचा मार्ग पुष्कळसा मोकळा होतो. मुलाला बोलता येत नाही तोवर किरकिर हीच त्याची भाषा आहे. तिचा अर्थ लावणे हे आपले काम आहे आणि ती बंद करण्याची घाई त्यानंतरच करावी.

इत्यलम्.